दोन फासे, दोन दाढा

तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला काहीही सांगता येतं आणि तो उठून जात नाही, हा शोध बारकीला आत्याच्या दवाखान्यात लागला. घरात हे सुख तिच्या वाट्याला आलं नव्हतं. घरातली माणसं तोंड मिटून बसत आणि संधी मिळाली की पळ काढत.

बारकी ही आता नावाचीच बारकी होती. तीन भावंडांत शेवटची म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे ती सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेली तरी नाव काही सुटलं नाही. तिला विद्यापीठात गणित शिकायचं होतं. त्यासाठी एक प्रवेश परीक्षा द्यावी लागे, आणि ती परीक्षा बारकीनं दोनदा देऊन पाहिली होती. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा घरच्यांनी तिची समजूत घातली. दुसऱ्यांदा झाली तेव्हा त्यांनी स्वतःची घातली.

"गणितानं आपल्या घराण्याचं कधी भलं केलेलं नाही," बाबा म्हणाले. "मी किती वेळा गटांगळ्या खाल्ल्या ते तुझ्या आईला विचार. तुझी आत्या तर गणिताच्या भीतीनं दातांकडे वळली."

"म्हणून मी पण वळू?"

"तुला येत नाही म्हणून वळ."

"येत नाही म्हणूनच शिकायचंय ना बाबा. येत असतं तर कशाला परीक्षा देत बसले असते?"

बाबांनी मुद्दा सोडला आणि अट घातली. आणखी एकदाच. त्यातही आपटली तर मुकाट्यानं आत्याच्या दवाखान्यात कायमचं उभं राहायचं, आणि गणित हा शब्द घरात काढायचा नाही. आत्याला ही अट फारच पसंत पडली. तिच्याकडे मदतनीस म्हणून येणारी प्रत्येक मुलगी लग्न करून नाहीतर रडून निघून जाई. सख्खी भाची पळून पळून कुठे जाणार?

बारकीनं अट मान्य केली, पण मान वाकवून नाही. खरं सांगायचं तर तिला गणित मनापासून आवडायचं. एखादं उदाहरण दोन दिवस छळायचं आणि तिसऱ्या दिवशी भांडी विसळताना एकदम सुटायचं, तेव्हा तिला जो आनंद व्हायचा तो दुसऱ्या कशानंच होत नसे. गणिताचं तिच्यावर प्रेम नव्हतं, एवढीच काय ती अडचण होती. त्यासाठी कुणी तिची कीव केली की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

क्लासचे सर एकदा सहज बोलून गेले होते, "जे तुम्हाला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ते तुम्हाला आलेलं नाही." बाकीच्या मुलांनी हे ऐकून सोडून दिलं. बारकीनं ते मनावर घेतलं आणि घरभर 'दुसऱ्याला' शोधू लागली. आईला सांगायला बसली तर आई तिसऱ्या ओळीला पेंगायची. दादा कानात काहीतरी खुपसून घ्यायचा. बाबा तर "संभाव्यता" एवढा शब्द कानावर पडला की भाजी आणायला निघायचे. घरात भाजीचा ढीग साचला.

दवाखान्यात मात्र गिऱ्हाईक आयतं होतं. दुपारनंतर ती तिथे जायची. आत्या पेशंटच्या हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन देई, गालात कापसाचे बोळे कोंबी आणि दुसऱ्या खोलीतल्या पेशंटकडे जाई. जबडा बधिर होईपर्यंत त्या माणसाजवळ थुंकी ओढायची नळी धरून बारकी एकटी उभी. माणूस आडवा, तोंड उघडं, डोळे छताकडे, डोक्यावर दिवा. यापेक्षा एकाग्र विद्यार्थी सरांनाही मिळाला नसता.

"दोन फासे टाकले," बारकी नळी धरून सुरू करायची. "निदान एकावर तरी सहा येण्याची शक्यता किती? घाबरू नका, सोपं आहे. एका फाशावर सहा येण्याची शक्यता सहात एक. दुसऱ्यावरही सहात एक. दोन्हींची बेरीज केली की झालं. तीनात एक. कळलं ना?"

पेशंट "आँ" म्हणायचा. बारकी ते होकारात धरायची.

लाँड्रीवाल्यांना तिनं हेच सांगितलं, गाण्याच्या बाईंना सांगितलं, चष्म्याच्या दुकानवाल्यांना तर दोनदा सांगितलं. एका आजींना वाटलं, हा औषधाचाच भाग असणार. त्यांनी घरी जाऊन सुनेला सांगितलं की, हल्ली दात काढायच्या आधी फासे टाकतात, त्यानं दुखत नाही. आत्यानं हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण पेशंट शांत पडून राहत होते. आणि बारकीचा आत्मविश्वास तर दिवसागणिक वाढत चालला होता. एकही विद्यार्थी शंका विचारत नाही म्हणजे आपलं शिकवणं अचूक असणार, असा तिनं सोयीचा अर्थ काढला होता. यातली मेख तिच्या लक्षातच आली नाही.

मग एके दिवशी ते गृहस्थ आले. जाड भिंगांचा चष्मा, दाट पांढऱ्या भुवया, कडक इस्त्रीचा शर्ट. खालची एक दाढ काढायची होती. शेजारची दाढही किडलेली होती, पण ती पुढच्या महिन्यात बघू, असं ठरलं होतं. आत्यानं इंजेक्शन दिलं, बोळे कोंबले आणि ती पलीकडे गेली. बारकीनं नळी उचलली आणि फासे टाकले.

"...दोन्हींची बेरीज केली की झालं. तीनात एक. कळलं ना?"

गृहस्थांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मान जोरात आडवी हलवली. आजवर कुठल्याच पेशंटनं असं केलं नव्हतं.

"दुखतंय का?"

पुन्हा आडवी मान. त्यांनी हात वर करून दोन बोटं दाखवली, मग त्यातलं एक बोट मिटलं. पुन्हा दोन, पुन्हा एक. मग काहीतरी खोडल्यासारखा हवेत हात फिरवला.

"आत्या, यांना काहीतरी होतंय," बारकीनं हाक मारली. आत्या धावत आली. गृहस्थांनी तिच्यासमोरही दोन बोटं नाचवली आणि एक मिटलं.

"दोन? दोन दाढा दुखतायत?" आत्या वाकून म्हणाली. "शेजारचीही आत्ताच काढून टाकू का?"

नेमक्या त्याच क्षणी बारकीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "काका," ती दुसऱ्या बाजूनं म्हणाली, "दोन्ही फाशांवर सहा आला, तो प्रकार मी दोनदा मोजला का?"

गृहस्थांनी इतक्या आनंदानं मान डोलावली की खुर्ची हलली. बारकीकडे बघून डोलावली होती, पण डोळे दिव्यानं दिपलेले, त्यामुळे ती कुणाकडे बघून डोलावली हे कुणाला कळणार?

"बरं झालं बोललात," आत्या म्हणाली आणि तिनं पक्कड उचलली. आत्याचा हात फार हलका आणि फार चपळ होता. सगळ्या पेशंटांत त्याचं कौतुक व्हायचं. त्या दिवशी मात्र तो थोडा कमी चपळ असता तर बरं झालं असतं. गृहस्थांना काही कळायच्या आत ताटलीत टण्ण टण्ण असा दोनदा आवाज झाला.

गृहस्थांनी ताटलीकडे पाहिलं. मग त्यांनी गळ्याशी बांधलेला कागदी रुमाल काढला, खिशातलं पेन काढलं आणि रुमालावर चौकटी आखायला घेतल्या. आडव्या सहा, उभ्या सहा. एक आडवी रांग रंगवली, एक उभी रांग रंगवली, आणि दोन्ही रांगा जिथे एकमेकींना छेदतात त्या घरावर पेनानं टोचून टोचून भोक पाडलं. रुमाल बारकीच्या हातात दिला आणि गाल धरून एक शब्दही न बोलता ते निघून गेले. बोलता येणं शक्यच नव्हतं म्हणा.

"छत्तीसात अकरा," बारकी पुटपुटली. "बारा नाही, अकरा. ते घर दोन्ही रांगांत येतं. आत्या, किती सोपं होतं गं."

काउंटरवरच्या बाई तेवढ्यात आत आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "डॉक्टर, ते आत्ता गेले ते कोण होते माहितेय का? न्यायाधीश आहेत. निवृत्त."

आत्या मटकन खुर्चीत बसली, ती पेशंटच्या खुर्चीत.

पण बारकीला न्यायाधीशांपेक्षा मोठी चिंता लागली होती. इतके दिवस तिनं किती माणसांना तीनात एक म्हणून सांगितलं होतं. ती बिचारी माणसं चुकीचं गणित डोक्यात घेऊन शहरभर हिंडत होती. सहा फासे टाकले तर तिच्या हिशोबानं सहा यायलाच हवा होता, आणि सात टाकले तर 'यायलाच हवा'पेक्षाही जास्त यायला हवा होता. हे आपल्याला आधी का सुचलं नाही, या विचारानं तिचे कान लाल झाले. चूक झाली तर ती निस्तरायची, हा तिचा स्वभाव होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच काउंटरवरच्या बाई यायच्या आत तिनं दवाखान्याचा फोन उचलला.

"नमस्कार, दातांच्या दवाखान्यातून बोलतेय," ती लाँड्रीवाल्यांना म्हणाली. "तुम्ही मागे खुर्चीत होतात ना, तेव्हा माझ्याकडून एक चूक झाली होती. ती वेळीच दुरुस्त केली नाही तर पुढे सगळंच चुकत जाईल. म्हणजे काय झालं, की एक जास्तीचा धरला गेला..."

लाँड्रीवाल्यांनी पुढचं ऐकलंच नाही. फोन आपटला आणि पायात चपला सरकवल्या. गाण्याच्या बाईंनी "कुठला जास्तीचा?" एवढं विचारून किंकाळी फोडली. चष्म्याच्या दुकानवाल्यांनी फोन चालू असतानाच दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. लोक फोन का ठेवतायत हे बारकीला कळेना. तरीही नेटानं तिनं यादी शेवटपर्यंत नेली.

आत्या दवाखान्यात आली तेव्हा बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो गाल धरून उभा. ज्याचा काल वरचा दात भरला होता त्याचे आज खालचेही ठणकत होते. गाण्याच्या बाई हातातल्या छोट्या आरशात एकेक दात मोजत होत्या.

"माझा कुठला जास्तीचा काढलात ते आधी सांगा," लाँड्रीवाले आत्याच्या अंगावर आले.

आत्यानं बारकीकडे पाहिलं. बारकी स्टुलावर उभी राहिली. तिची उंची पाहता स्टुलाची काही गरज नव्हती, पण तिला तसं बरं वाटलं.

"दातांचं काही चुकलेलं नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "फाशांचं चुकलंय. मी तुम्हाला तीनात एक म्हणाले होते. उत्तर छत्तीसात अकरा आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे एकदम बोलू लागले. बारकीला तेव्हा जाणवलं की, आपले विद्यार्थी आज पहिल्यांदाच तोंडात कापूस न घालता समोर उभे आहेत.

"म्हणजे तुम्ही मला गणितासाठी दुकान बंद करायला लावलंत?" चष्मेवाले म्हणाले.

"हो. आणि चुकीचं सांगितलं त्याची माफी मागते. गणित सांगितलं त्याची मागणार नाही."

"ते जाऊ दे," गाण्याच्या बाईंनी आरसा पर्समध्ये टाकला. दात शाबूत असल्याच्या आनंदात त्या उदार झाल्या होत्या. "अकरा कसे आले ते सांग. मला तेव्हाच खटकलं होतं, पण बोलणार कशी?"

बारकीनं एक्स-रे बघायच्या दिव्यावर कागद चिकटवला आणि चौकटी आखल्या. दोन रांगा रंगवल्या. छेदणारं घर दाखवलं. लाँड्रीवाल्यांनी "अच्छा" म्हणून गालावरचा हात काढला. आजींनी विचारलं, यानं ठणका थांबतो ना? बारकी हो म्हणाली, कारण आजींचा थांबला होता.

"आणि तीन फासे असतील तर?" दारातून एक बोबडा आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सुजलेला गाल घेऊन न्यायाधीश उभे होते. आत्यानं हात जोडले.

"डॉक्टर, हात कशाला जोडता? मान मी डोलावली होती," न्यायाधीश म्हणाले. "पुरावा तुमच्या बाजूनं आहे. दाढ नाहीतरी जायचीच होती, महिनाभर आधी गेली. पण माझा प्रश्न तसाच राहिलाय. तीन फासे असतील तर?"

तीन फाशांना बारकीच्या चौकटी पुरत नव्हत्या. दोन वेळा मोजलेले वजा करायचे, मग तीन वेळा मोजलेले, मग वजा केलेले परत मिळवायचे. तिचा पार गुंता झाला. सगळी खोली तिच्याकडे बघत होती, आणि परीक्षेतही असंच होणार, हे तिला स्पष्ट दिसलं. रडावंसं वाटलं. मग तिला स्वतःचाच राग आला. येणारे मोजता येत नाहीत तर न येणारे मोजू, असं तिनं जवळजवळ भांडणाच्या सुरात मनाशी म्हटलं, आणि कागद उलटा केला.

"एकाही फाशावर सहा नाही, असं किती वेळा होईल ते आधी काढू," ती सावकाश म्हणाली. "पाच गुणिले पाच गुणिले पाच. एकशे पंचवीस. एकूण प्रकार सहा गुणिले सहा गुणिले सहा, दोनशे सोळा. त्यातून हे काढून टाकले की उरले त्यात निदान एक सहा असणारच. एक्याण्णव. दोनशे सोळात एक्याण्णव."

"चार फाशांनाही हेच चालेल?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कितीही टाका, चालेल."

न्यायाधीशांनी पेन काढून तळहातावर काहीतरी लिहून घेतलं आणि समाधानानं निघून गेले. परीक्षा घ्यायला आले आणि पास करून गेले, असं गाण्याच्या बाई म्हणाल्या.

आत्याला मात्र हे काहीच गोड वाटलं नाही. खोली रिकामी होताच तिनं बाबांना बोलावून घेतलं. बाबा भाजीच्या पिशवीसकट आले.

"ही पोरगी माझा दवाखाना बंद पाडणार," आत्या म्हणाली. "आजपासून इथे गणित बंद. दादा, तो न्यायाधीश भला माणूस निघाला म्हणून, नाहीतर आज मी कोर्टात उभी असते."

"बस झालं बारके," बाबा म्हणाले. "परीक्षा रद्द. तिसरी वेळ झाली असं समज."

"कशी समजू? दिलीच नाही तर झाली कशी?"

"तू काय आम्हाला लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस का?"

"बाबा, अट तुम्ही घातली होती. मी ती पाळणार आहे, तुम्हीही पाळायची. नापास झाले तर जन्मभर ही नळी धरून उभी राहीन, एक अक्षर बोलणार नाही. पण परीक्षेला जाणार. तुम्ही दार लावलंत तर खिडकीतून जाईन."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाबांनी आणि आत्यानं एकमेकांकडे पाहिलं आणि विषय तिथेच थांबला. परीक्षेच्या दिवशी दार उघडंच होतं, पण सोबत कुणी आलं नाही.

केंद्राबाहेर लांबलचक रांग होती. सगळी पोरं-पोरी घोकत उभी. त्या रांगेत बारकीच्या पुढे एक पांढरं डोकं दिसलं. कडक इस्त्रीचा शर्टही ओळखीचा वाटला.

"काका, तुम्ही इथे? पेपर तुम्ही काढलाय की काय?"

न्यायाधीश दचकले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हातातलं प्रवेशपत्र लपवायचा प्रयत्न केला, पण ते लपण्याएवढं लहान नव्हतं.

"हळू बोल," ते म्हणाले. "घरी सांगितलंय की डोळे तपासायला चाललोय. मुलं म्हणतात, या वयात गणित कशाला, बागेत फिरा. जन्मभर लोकांच्या भानगडी ऐकल्या. आता मला काहीतरी असं करायचंय ज्याचं उत्तर एकच असतं."

"मग त्या दिवशी तीन फाशांचं विचारून तुम्ही माझी परीक्षा घेत होतात ना?"

"कसली परीक्षा? मला दोनपर्यंतच येत होतं. तीन फाशांवर दोन आठवडे अडलो होतो. तू सांगितलंस म्हणून सुटलं."

बारकी हसत सुटली. पुढचा मुलगा वळून बघू लागला. इतके दिवस ज्यांना ती प्राध्यापकांच्या वरची पायरी समजत होती ते तिच्यासारखेच उमेदवार निघाले होते, आणि तिनं त्यांना शिकवलं होतं. आत जाताना तिनं या वेळी काहीच घोकलं नाही.

निकाल लागला त्या दुपारी ती दवाखान्यात नळी धुवत होती. मोबाइलवर तिनं तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. पास. फार वरचा नंबर नव्हता, पण आतला होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. बातमी कळताच बाबा आले, या वेळी पिशवीशिवाय.

"नशीब काढलंस," ते म्हणाले.

"नशीब नाही बाबा. नशिबाचाच तर पेपर होता, तो सोडवून पास झाले."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला टाचा उंचावल्या. आत्यानं पाठ फिरवून पुसलेली ताटली पुन्हा पुसायला घेतली. मदतनीस गेली याचं दुःख आणि भाची जिंकली याचा आनंद, यातलं चेहऱ्यावर कुठलं ठेवावं हे तिचं ठरत नव्हतं.

तेवढ्यात न्यायाधीश आत आले आणि कुणाला न विचारता खुर्चीत आडवे झाले.

"काका, तुमचं काय झालं?" बारकीनं विचारलं.

"नापास. थोडक्यात गेलं," ते छताकडे बघत म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा बसणार. मुलांना कळलं आता, कळू दे. मी घर सोडीन, गणित सोडणार नाही."

"पण आज तर तुमचा काही दात दुखत नाहीये," आत्या म्हणाली.

"नाही. पण घरच्या खुर्चीत मला काही समजत नाही, इथे समजतं. तू विद्यापीठात जायला लागायच्या आत शिकवायला घे गं."

बारकीनं आत्याकडे पाहिलं. ज्या दवाखान्यात गणित बंद म्हणून आत्यानं बजावलं होतं, त्याच दवाखान्यात आत्यानं डोक्यावरचा दिवा लावला, हातमोजे काढून बाजूला ठेवले आणि स्टूल ओढून घेतलं. बारकीनं सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला आत्यानं तिला अडवलं.

"थांब. मागच्या वेळी ते न येणारे मोजलेस ना, ते मला अजून कळलेलं नाही. पहिल्यापासून सांग."

दारातून काउंटरवरच्या बाईंनी डोकं आत घातलं. "डॉक्टर, बाहेर पेशंट खोळंबलेत. काय सांगू त्यांना?"

"त्यांनाही आतच पाठवा," आत्या म्हणाली. "नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल."